दात घासावेत की तासावेत?



मागच्या महिन्यात माझी भाची सांगलीहून आठ दिवस आमच्याकडे राहायला आली होती. लग्न ठरलंय तिचं, मार्गशीर्षात आहे. घरात लग्न निघालं की खरेदी दादरलाच करायची, हा आमच्या माहेरचा जुना नियम. त्यामुळे दिवसभर आम्ही रानडे रोड पालथा घातला, घरी येऊन सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकली आणि मग दोघीच शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसलो.

मैदानात पोरांचं क्रिकेट चाललं होतं. एक जण उंच उडालेला झेल घ्यायला मागे मागे गेला आणि थेट एका आजोबांच्या पिशवीवर जाऊन बसला. आजोबा त्याला रागवायचं सोडून स्वतःच हसायला लागले. कट्ट्यावरचे आम्ही सगळे हसलो. भाचीही हसली, पण हसताना तिचा उजवा हात पटकन तोंडासमोर गेला. लहानपणी ती अशी हसत नव्हती. खळखळून हसणारी पोर होती ती.

मी विचारलं तेव्हा आधी "काही नाही गं मावशी" झालं. मग म्हणाली, "मला समोरचे आठ दात करून घ्यायचेत. व्हिनिअर. लग्नाच्या आधी."

हळूहळू बाकीचं कळलं. स्थळ ज्यांनी आणलं त्या मध्यस्थ बाई मुलाकडच्यांसमोर म्हणाल्या होत्या, "मुलगी शिकलेली, वळणाची, सगळं छान. दात तेवढे जरा..." वाक्य पुरं केलंच नाही त्यांनी. अर्धवट सोडलेलं वाक्य जास्त टोचतं. त्यानंतर हिने एका दवाखान्यात चौकशी केली. तिथे तिला "लग्नाआधी नवं हसू" असं आठ दातांचं पॅकेज सांगितलं गेलं. दोन-तीन भेटींत काम, आगाऊ पैसे भरले तर सवलत. रक्कम ऐकून मी एकदा समोरच्या झाडांकडे बघितलं आणि एकदा तिच्याकडे.

त्या दिवसापासून मी या विषयाचं जमेल तेवढं वाचलं, विचारलं, समजून घेतलं. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात लेक, सून, भाची, पुतणी यांपैकी कोणी ना कोणी हा विषय काढणार आहे. म्हणून आज हे लिहिते आहे.

सुताराचा व्हिनिअर

व्हिनिअर हा शब्द माझ्या घरात पहिल्यांदा आला तो सुताराबरोबर. कपाट करायचं होतं. अख्खं सागवान परवडणारं नव्हतं. सुतार म्हणाला, आत चांगला प्लाय लावू, वरून सागवानाचा व्हिनिअर. म्हणजे खऱ्या सागाची कागदासारखी पातळ पापुद्री, जी प्लायवर चिकटवली की कपाट सागवानी दिसतं.

दाताचं व्हिनिअरही असंच. दाताच्या पुढच्या बाजूला बसणारी पातळ टिकली म्हणा ना. जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नखाएवढी. ती चिनी मातीच्या जातीच्या सिरॅमिकची असते, किंवा कंपोझिटची, म्हणजे दातात भरतात त्या दातासारख्या रंगाच्या लेपाची. डाग पडलेला, टवका उडालेला, थोडा आखूड, थोडी फट असलेला दात त्यामुळे सरळ आणि उजळ दिसतो.

पण सुताराने तेव्हा आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, आतला प्लाय ओल धरलेला असेल तर वर कितीही भारी व्हिनिअर लावा, फुगणार. दुसरी, व्हिनिअर नीट बसायला खालचा पृष्ठभाग तासून एकसारखा करावा लागतो. दातांचं शास्त्र वाचताना मला त्या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा भेटल्या. हिरड्या सुजलेल्या असतील, कीड असेल, तर आधी ते बरं करायचं आणि मगच व्हिनिअरचं नाव काढायचं. आणि बहुतेक वेळा व्हिनिअर बसवायला दात थोडा तासावा लागतो.

माझं सगळं म्हणणं या तासण्यापाशी येऊन थांबतं. ते आधीच सांगून टाकते. ज्याचा दात खरोखर बिघडलेला आहे, त्याने व्हिनिअर केलं तर त्यात काही वावगं नाही. पण निरोगी दात कुणाच्या तरी अर्धवट वाक्यासाठी, एका दिवसाच्या फोटोंसाठी तासू नये. का, ते आता सांगते.

जे परत येत नाही

दाताच्या वरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू तीच, हाडाहूनही कठीण. पण तिच्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, नख तुटलं तर वाढतं. एनॅमल एकदा गेलं की गेलं. समोरच्या दातांवर त्याचा थर जेमतेम मिलिमीटरभर असतो, हिरडीजवळ तर त्याहूनही पातळ. आता त्यातूनच पाव-अर्धा मिलिमीटर काढायचा म्हटलं तर किती उरतं, याचा हिशेब आपला आपण करावा.

व्हिनिअरची कल्पना तशी जुनी आहे. १९२८ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने नटनट्यांसाठी दातांवर चिकटवायच्या पातळ पट्ट्या बनवल्या. त्या फक्त चित्रीकरणापुरत्या असत. काम झालं की काढून ठेवायच्या, कारण पक्कं चिकटवायची विद्याच तेव्हा नव्हती. शर्ली टेंपल या बालतारकेचे दुधाचे दात पडायचे, तेव्हा पडद्यावर फट दिसू नये म्हणून तिच्यासाठीही पिंकसनीच अशी सोय केली होती. पुढे १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं की एनॅमलवर सौम्यपणे आम्ल लावून ते खरबरीत केलं की लेप त्याला घट्ट धरतो. १९८० च्या दशकात सिरॅमिकही तसंच चिकटवता यायला लागलं आणि मग आजचं व्हिनिअर जन्माला आलं.

म्हणजे बघा, जी गोष्ट मुळात संध्याकाळी काढून डबीत ठेवायची होती, ती आता कायमची झाली. आणि "कायमची" म्हणताना एक बारीक गोष्ट राहून जाते. व्हिनिअर कायमचं नसतं. तासलेला दात मात्र कायमचा तासलेला असतो. चांगलं सिरॅमिकचं व्हिनिअर साधारण दहा-पंधरा वर्षं टिकतं, नीट सांभाळलं तर जास्तही. कंपोझिटचं त्याहून कमी, पाच-सात वर्षं धरा. माझी भाची चोवीस वर्षांची आहे. आपल्या बायका ऐंशीपर्यंत सहज जगतात. म्हणजे आठ दातांचं हे काम तिला जन्मात तीन-चार वेळा तरी पुन्हा करावं लागणार. लग्नाचा शालू एकदाच घ्यायचा असतो. हे तसं नाही. पॅकेज सांगणारे पहिल्या वेळचा आकडा सांगतात, पुढच्या तीन वेळांचा सांगत नाहीत.

आमच्या डॉक्टरांनी दिलेला आरसा

दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या नेहमीच्या दंतवैद्यांकडे घेऊन गेले. जुन्या चाळवजा इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. माझ्या सासूबाईंची कवळीही त्यांनीच केली होती. त्यांनी भाचीचं तोंड तपासलं आणि तिच्या हातात आरसा दिला. म्हणाले, "यातला नेमका कुठला दात तुला आवडत नाही, बोट ठेवून दाखव."

ती बराच वेळ बघत राहिली. मग एका दातावर बोट ठेवलं. समोरचा डावा. सहावीत असताना सायकलवरून पडली होती, तेव्हा त्याचा कोपरा उडाला होता. डॉक्टर म्हणाले, "आणि बाकीचे सात?" तिला सांगता आलं नाही. "पिवळे आहेत थोडे," एवढंच म्हणाली.

"वहिनी," डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "दात मुळात कागदासारखा पांढरा नसतोच. एनॅमलच्या आत जो थर असतो तो पिवळसर असतो आणि तोच बाहेर झिरपून दिसतो. हिचे दात निरोगी आहेत. मागच्या बाजूला कीट साचलंय, चहाचे डाग आहेत. ते साफ केले की निम्मं काम होईल."

मग त्यांनी जे समजावलं ते मला आपल्या स्वयंपाकघरातल्या शहाणपणासारखं वाटलं. भाजी खारट झाली म्हणून कोणी कढई फेकत नाही. आधी बटाटा टाकून बघतो, म्हणजे आपण टाकत नाही, पण कणकेचा गोळा तरी टाकतो. दातांचंही तसंच पायरी पायरीनं करायचं.

पहिली पायरी साफसफाई. कीट आणि वरवरचे डाग त्यात जातात.

तरीही रंग खटकत असेल तर ब्लीचिंग, म्हणजे दात उजळवणं. त्यात दात तासत नाहीत. काही दिवस दात शिवशिवतात, आणि काही काळाने रंग पुन्हा थोडा उतरतो, पण गमावलेलं काही नसतं.

दात वेडेवाकडे असतील तर तारा किंवा पारदर्शक अलाइनर. वेळ लागतो, पण आपलेच दात आपल्या जागी येतात. वाकडा दात तासून सरळ दाखवण्यापेक्षा तो सरळ करणं केव्हाही बरं.

टवका उडाला असेल, छोटी फट असेल तर कंपोझिटचा लेप. बहुतेक वेळा एका बैठकीत होतो, दात जवळजवळ तासावा लागत नाही, आणि उद्या तुटला तर पुन्हा लावता येतो. त्याचा दोष म्हणजे त्याला डाग पडतात, आणि आपल्याकडे तर हळद रोजची! सिरॅमिकला हळद लागत नाही, कंपोझिटला लागते, हे लक्षात ठेवायचं.

या सगळ्यांनी भागत नसेल तर मग व्हिनिअर. आणि दात फारच मोडला असेल, रूट कॅनाल होऊन कमकुवत झाला असेल तर कॅप. इथे एक सावधगिरी. व्हिनिअर दाताच्या फक्त पुढून बसतं, कॅप चहूबाजूंनी. कॅपसाठी दाताचा वरचा निम्म्याहून जास्त भाग तासला जातो. काही ठिकाणी "व्हिनिअर" म्हणून सांगतात आणि प्रत्यक्षात कॅपसाठी दात कोरून टाकतात. परदेशात स्वस्तात दात करून यायला विमानाने जाणाऱ्या तरुण मुलामुलींचे याच पायी हाल झाले आहेत. तेव्हा शब्द नीट विचारून घ्यावा.

विचारायचे प्रश्न

ज्यांना व्हिनिअर करायचंच आहे, त्यांनी दवाखान्यात जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझी एक सवय आहे, डॉक्टरांसमोर बसलं की निम्मे प्रश्न विसरतात, म्हणून कागद.

माझ्या दातातून नेमकं किती काढणार? तासल्यावर व्हिनिअर एनॅमलवरच चिकटणार ना? (एनॅमलवर ते जास्त घट्ट आणि जास्त दिवस बसतं, आतला थर उघडा पडला तर पकड कमी होते.) न तासता बसणारं व्हिनिअर माझ्या दातांना चालेल का? ते सगळ्यांना चालत नाही, दात आधीच मोठे असतील तर ओठ पुढे आल्यासारखे दिसतात, पण विचारायला काय हरकत आहे? काम सुरू करण्याआधी कच्चा लेप लावून नवं हसू कसं दिसेल ते दाखवाल का? झोपेत दात खाण्याची सवय असेल तर काय? अशांची व्हिनिअर तडकतात, त्यांना रात्री घालायचं संरक्षक कवच लागतं. आणि ब्लीचिंग करायचं असेल तर ते व्हिनिअरच्या आधी, कारण ब्लीचिंगने व्हिनिअरचा रंग बदलत नाही. नंतर केलं तर शेजारचे दात एका रंगाचे आणि व्हिनिअर दुसऱ्या रंगाचं.

शंका राहिलीच तर दुसरं मत घ्यावं. आपल्या मुंबईत मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, १९३३ पासूनचं. सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. रांग लावावी लागते, वेळ जातो, पण तिथल्या डॉक्टरांना तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं. आणि ब्युटी पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मागवून दातांवर काही चिकटवून घेऊ नका. दातांचं काम नोंदणी असलेल्या दंतवैद्याचंच.

आपल्यापैकी काहींना आणखी एक शंका येईल, मलाही आली होती. चिनी मातीच्या भारी कपबशा, बोन चायना म्हणतात त्या, त्यात जनावरांच्या हाडांची राख असते, म्हणून आपण त्या घरात आणत नाही. मग दातांचं सिरॅमिक? डॉक्टरांना विचारलं. त्यात हाड नसतं. ते खनिजांपासून आणि काचेच्या जातीच्या पदार्थांपासून बनतं. मात्र दातांच्या इतर काही उपचारांत, उदाहरणार्थ हाड भरण्याच्या शस्त्रक्रियेत, प्राण्यांच्या हाडापासून बनवलेली पावडर वापरली जाते. त्याला कृत्रिम पर्यायही असतो. आधी विचारलं तर डॉक्टर तो देऊ शकतात. न विचारता नंतर हळहळण्यापेक्षा बरं.

चंद्रपूरची मैत्रीण

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझं लिहिणं खोटं ठरेल.

आमच्या स्वाध्याय मंडळात एक मैत्रीण आहे, चंद्रपूर जिल्ह्यातली. तिच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड फार. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असं आपलं भारतीय मानक सांगतं. चंद्रपूर, यवतमाळकडच्या कित्येक गावांतल्या बोअरवेलमध्ये ते त्याहून जास्त निघतं. लहानपणी दात तयार होत असताना असं पाणी पोटात गेलं की दात येतानाच त्यांवर खडूसारखे पांढरे आणि तपकिरी डाग घेऊन येतात. ते घासून जात नाहीत. तिने दात घासले नाहीत म्हणून ते आलेले नाहीत. तरीही तिला आयुष्यभर लोकांनी विचारलं, "तंबाखू खाता का हो? मशेरी लावता का?"

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिने समोरच्या सहा दातांना व्हिनिअर करून घेतलं. आधी सौम्य उपाय करून पाहिले होते, डाग खोल होते, गेले नाहीत. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, या वयात कशाला हे? आज कबूल करते, ते माझं चुकलं. मंडळात ती कधी स्वतःहून स्तवन म्हणायला पुढे येत नसे. आता येते. सूर तिचा आधीपासून गोड होता, पण आम्हाला तो वीस वर्षं ऐकायला मिळाला नाही.

तर व्हिनिअर वाईट नाही. तिच्या हसण्यावर पाण्याने केलेला अन्याय त्याने दूर केला. भाचीच्या हसण्यावर अन्याय केला तो माणसांनी. आणि माणसांनी केलेल्या अन्यायावर दात तासणं हा उपाय नाही.

कधी काळे, कधी पांढरे

चांगले दात म्हणजे कसे, हेही काही कायमचं ठरलेलं नाही. आपल्याच महाराष्ट्रात एके काळी सवाष्णी दातवण लावून दात काळे करत. काळे दात म्हणजे सौभाग्य, काळे दात म्हणजे देखणेपण. तिकडे जपानमध्येही लग्न झालेल्या बायका दात काळे करत असत. त्या काळात माझी भाची आपले पिवळसर पांढरे दात घेऊन उभी राहिली असती तरी मध्यस्थ बाईंनी म्हटलंच असतं, "सगळं छान, दात तेवढे जरा..."

आमच्या शेजारच्या परळमध्ये १९५२ साली केशव विष्णु पेंढरकरांनी विको सुरू केली आणि दंतमंजन बनवलं. पुढे त्यांच्या उत्पादनांवरून अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला, की हे औषध आहे की सौंदर्यप्रसाधन? दोन्हींवरचा कर वेगळा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल विकोच्या बाजूने लागला. मला वाटतं, व्हिनिअर करायला निघालेल्या प्रत्येकीने स्वतःला हाच प्रश्न विचारावा. हे माझ्यासाठी औषध आहे की प्रसाधन? माझ्या मैत्रिणीसाठी ते औषध होतं. प्रसाधन असेल तरी पाप नाही, आपण कुंकू लावतो, गजरा माळतो. पण गजरा रात्री काढता येतो.

मुनींचं व्रत आणि आपलं घर

दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत एक अदंतधावन आहे. म्हणजे दात घासणंही नाही. शरीराला सजवण्याचा मोह तिथपर्यंत सोडायचा. हे व्रत मुनींचं आहे. आपण संसारी माणसं, आपण दात घासायचे, रोज दोनदा घासायचे. चौविहार करणाऱ्यांनी संध्याकाळचं जेवण झालं की सूर्यास्तापूर्वीच नीट घासून घ्यावेत. त्यानंतर रात्रभर तोंडात काही जात नाही, दातांना याहून मोठी विश्रांती कोणती?

पण मुनींच्या त्या व्रताकडे बघून आपल्याला एक गोष्ट घेता येते. दात म्हणजे आपण नव्हे. आणि दशलक्षणात तिसऱ्या दिवशी आपण ज्याची आराधना करतो ते उत्तम आर्जव, म्हणजे सरळपणा, आत एक बाहेर एक नसणं. काही जणी मला म्हणाल्या, मग व्हिनिअर म्हणजे माया, कपटच की! मला तसं वाटत नाही. तुटलेला दात नीट करणं हे कपट नाही, जसं चष्मा लावणं कपट नाही. कपट आहे ते आपल्या बोलण्यात. ज्या घरांत मुलींना लहानपणी "दात काढून हसू नकोस" म्हणून दटावतात, तीच घरं लग्नाच्या वेळी "दात छान दिसायला हवेत" म्हणतात. आणि हे लिहिताना माझा मलाच चेहरा आठवतो. ही भाची आठ वर्षांची असताना माझ्या धाकट्या दिराच्या लग्नात पंगतीत मोठ्याने हसली होती, तेव्हा तिला चिमटा काढून "तोंड मिटून हस" म्हणणारी मीच होते. मध्यस्थ बाईंना नावं ठेवण्याआधी मला हे सांगायला हवं.

आणि मुलाकडच्यांचं काय? स्थळ पाहताना मुलाच्या दातांवर गुटख्याचे डाग असले तरी आपण म्हणतो, "पगार चांगला आहे."

माझं माहेर कुंभोजजवळचं. तिथल्या डोंगरावर बाहुबलींची २८ फुटांची संगमरवरी मूर्ती आहे. लहानपणी आम्ही पायथ्याशी मान वर करून तिचा चेहरा बघत असू. श्रवणबेळगोळची त्याहून कितीतरी मोठी, ५७ फुटांची. हजार वर्षांहून जास्त काळ लोक त्या मूर्तीच्या स्मिताबद्दल बोलतात. त्या स्मितात एकही दात दिसत नाही.

मग पुढे?

भाचीचे दात साफ झाले. उडालेल्या कोपऱ्याला कंपोझिटचा लेप लागला, एकाच बैठकीत, तासाभरात. खर्च तिने स्वतःच्या पगारातून केला, माझ्याकडून घेतला नाही. घरी आल्यावर अर्धा तास ती आरशासमोरून हलली नाही.

आठ व्हिनिअरचा विचार तिने सोडला का? नाही. म्हणाली, "वर्षभर थांबते मावशी. लग्न होऊ दे. तेव्हाही मलाच हवं वाटलं, तर करीन." मला हे उत्तर आवडलं. तिचे दात आहेत, ठरवायचं तिनेच. मी फक्त एवढंच पाहिलं की ठरवताना मध्यस्थ बाई खोलीत नसाव्यात.

होणाऱ्या नवऱ्याला तिने फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्याला कळलंच नव्हतं की एक कोपरा तुटलेला आहे म्हणून. खरं खोटं देव जाणे! पण ती फोनवर हसत होती आणि दुसरा हात मोबाइलचा चार्जर धरून होता.

जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा कट्ट्यावर गेलो. हात अजूनही एक-दोनदा तोंडाकडे गेला. सवय आहे, इतक्या लवकर कशी जाईल? मी काही बोलले नाही. फक्त या वेळी मीही तोंड न झाकता मोठ्याने हसले. माझा वरचा एक सुळा वाकडा आहे. बावन्न वर्षं आहे.

तुमच्या घरात असा विषय निघाला असेल तर लेकीला रागावू नका, आणि लगेच पैसेही काढून देऊ नका. तिच्या हातात आरसा द्या आणि विचारा, कुठला दात? आणि मग विचारा, कुणी म्हटलं?

जय जिनेंद्र.